जीरेंजेस-लिस्ट दगा देते तेव्हा: लक्षणं आणि तपासण्या, सोप्यापासून अवघडापर्यंत

आर ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिच्यातला जीवशास्त्रीय पॅकेजचा संच बायोकंडक्टर वापरून जीनोमिक कोऑर्डिनेट (डीएनएवरच्या जागांचे आकडे) हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि संशोधकांच्या स्क्रिप्ट मी नेहमी दुरुस्त करून देतो. त्यातल्या बहुतेक अडचणी एकाच ठिकाणी सापडतात, ते म्हणजे जीरेंजेस-लिस्ट. जीरेंजेस म्हणजे गुणसूत्रावरच्या "इथून इथपर्यंत" अशा रेंजची यादी. एका जनुकाचे अनेक एक्सॉन (जनुकाचे अंतिम आरएनएत राहणारे भाग) किंवा एका रीडचे (मशीनने वाचलेल्या डीएनएच्या पट्टीचे) अनेक तुकडे एकत्र बांधून ठेवणारी ही लिस्ट. खाली फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

लक्षणं

स्क्रिप्ट घेऊन येणाऱ्यांची तक्रार साधारण यापैकी एक असते (ओव्हरलॅप म्हणजे दोन रेंज एकमेकींवर येणं, व्हेरिएंट म्हणजे डीएनएतला बदल):

"फाइंड-ओव्हरलॅप्स शून्य देतंय, पण जीनोम ब्राउझरमध्ये तर व्हेरिएंट जनुकाच्या आतच दिसतोय."

"अनलिस्ट केलं तरी लिस्टच परत मिळते."

"डॉलर लावून स्कोअर मागितला की नल येतं. कॉलम तर समोर छापलेला दिसतोय."

"डेटाफ्रेम करायला गेलं की रो-नेम्स डुप्लिकेट असल्याची एरर."

"काल चालणारं रिड्यूस आज डॉट-एफ आर्ग्युमेंट मागतंय."

"आधी होती ती काही जनुकं आता लिस्टमध्ये नाहीत."

"लूप रात्रभर चालला, तरी संपला नाही."

आणखी एक लक्षण आहे, पण ते घेऊन कोणी येत नाही, कारण ते दिसतच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडेही पटण्यासारखे. फक्त ते भलत्याच जनुकाचे. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. पुढच्या तपासण्यांमध्ये जिथे मी जास्त रेंगाळलो आहे, तिथे हाच धोका आहे असं समजा.

आधी एक ओळखीचं जनुक हाताशी घ्या

संपूर्ण डेटावर तपासण्या करू नका. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं एक जनुक निवडा. मी बीटा-ग्लोबिनचं एचबीबी वापरतो. सिकलसेल आणि बीटा-थॅलेसेमिया या दोन्ही आजारांचं मूळ या जनुकात आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तपासणीसाठी हे जनुक सोयीचं आहे, कारण ते लहान आहे, त्याला तीनच एक्सॉन आहेत आणि ते वजा स्ट्रँडवर (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट दिशेने वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर) आहे.

मानवी जीनोमच्या एचजी३८ या संदर्भ-आवृत्तीत एचबीबी ११व्या गुणसूत्रावर ५२,२५,४६४ ते ५२,२७,०७१ इथे आहे, म्हणजे एकूण १,६०८ बेस (डीएनएची अक्षरं). पहिला एक्सॉन ५२,२६,९३० ते ५२,२७,०७१ (१४२ बेस), दुसरा ५२,२६,५७७ ते ५२,२६,७९९ (२२३ बेस), तिसरा ५२,२५,४६४ ते ५२,२५,७२६ (२६३ बेस). तिन्हींची बेरीज ६२८. सिकलसेलचा बदल, म्हणजे आरएस३३४, पहिल्या एक्सॉनमध्ये ५२,२७,००२ वर आहे. हे आकडे एका कागदावर लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीवर ते लागतील.

तपासणी १: हातात नक्की काय आहे?

ऑब्जेक्टवर क्लास चालवा. उत्तर कॉम्प्रेस्ड-जीरेंजेस-लिस्ट आलं तर ठीक. नुसतं लिस्ट आलं तर "अनलिस्ट चालत नाही" या तक्रारीचं कारण सापडलं. प्रत्येक गटावर एकेक करून फंक्शन चालवणारं एल-अप्लाय नेहमी आरची साधी लिस्टच परत करतं. साध्या लिस्टवर अनलिस्ट चालवलं तर आतले जीरेंजेस त्याला उलगडता येत नाहीत आणि ती लिस्ट तशीच परत येते. एररही येत नाही. उपाय: आधी जीरेंजेस-लिस्टमध्ये रूपांतर करा, मग अनलिस्ट करा. एल-अप्लायमधल्या फंक्शनने कुठे नल परत केलं असेल तर हे रूपांतर अडेल. तिथे नलऐवजी रिकामा जीरेंजेस परत करा.

पुढे दोन आकडे छापा: लेंग्थ, आणि एलिमेंट-एनरोजची बेरीज. पहिला सांगतो बाहेरचे गट किती, दुसरा सांगतो आतल्या रेंज किती. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घोटाळ्यांच्या मुळाशी या दोन संख्यांची गल्लत असते, म्हणून प्रत्येक मोठ्या पायरीनंतर दोन्ही छापायची सवय लावून घ्या.

ही गल्लत का होते ते लिस्टच्या आतल्या रचनेवरून कळतं. जीरेंजेस-लिस्ट म्हणजे हजारो सुट्या जीरेंजेसचा ढीग नव्हे. आत एकच लांबलचक जीरेंजेस असतो आणि त्याच्या जोडीला प्रत्येक गट कुठे संपतो त्याची नोंद. एकच जाड वही, आणि कोणाचा हिशोब कुठल्या पानावर संपतो ते दाखवणाऱ्या खुणा, असं चित्र डोळ्यासमोर ठेवा. पानं जागच्या जागी राहिली तर खुणा बरोबर. पानं कमी झाली किंवा त्यांचा क्रम बदलला, तर खुणा आहेत तिथेच राहतात पण हिशोब दुसऱ्याचा होतो.

तपासणी २: पॅकेजचा क्रम आणि आवृत्ती

यालाही मिनिटभरच लागतं. स्क्रिप्टमध्ये जीनोमिक-रेंजेसनंतर टायडीव्हर्स लोड केलं असेल, तर पर या पॅकेजचं रिड्यूस जीनोमिक-रेंजेसच्या रिड्यूसला झाकून टाकतं. डॉट-एफची एरर येते ती यामुळेच. सिलेक्ट, स्लाइस, रीनेम यांचंही असंच होतं. फंक्शनच्या आधी पॅकेजचं नाव आणि दोन कोलन लावा, म्हणजे वाद मिटतो. लोड करण्याचा क्रम बदलूनही काम होतं, पण उद्या दुसरं कोणी तोच क्रम पुन्हा बदलेल.

जुनी आरडीएस फाइल (आरमधलं साठवून ठेवलेलं ऑब्जेक्ट) उघडल्यावर स्लॉट सापडत नसल्याची एरर आली, तर ऑब्जेक्टवर अपडेट-ऑब्जेक्ट चालवा. या क्लासची अंतर्गत रचना काळाच्या ओघात बदलत गेली आहे. बायोकंडक्टरची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते आणि ती आरच्या ठराविक आवृत्तीशी बांधलेली असते. निम्मी पॅकेज जुनी आणि निम्मी नवी असतील तर काहीही होऊ शकतं. बायोक-मॅनेजरचं व्हॅलिड चालवा, कुठलं पॅकेज मागे किंवा पुढे आहे ते कळेल.

तपासणी ३: गुणसूत्रांची नावं

ओव्हरलॅप शून्य येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. जीनोमची माहिती पुरवणाऱ्या दोन स्रोतांपैकी यूसीएससी "सीएचआर११" लिहितं, एन्सेम्ब्ल नुसतं "११" लिहितं. संगणकासाठी ही दोन वेगळी गुणसूत्रं. अशा वेळी दोन ऑब्जेक्टमध्ये एकही सामाईक नाव नसल्याची वॉर्निंग येते, पण सप्रेस-वॉर्निंग्ज लावलेल्या स्क्रिप्टमध्ये ती गिळली जाते. ते लावलं असेल तर आधी काढा. दोन्हींवर सीक्वलेव्हल्स चालवून नावं डोळ्यांनी बघा आणि सीक्वलेव्हल्स-स्टाइल वापरून एकसारखी करा.

स्वतः "सीएचआर" चिकटवत बसू नका. मायटोकॉन्ड्रियाला एकीकडे "सीएचआरएम" म्हणतात आणि दुसरीकडे "एमटी". नुसतं चिकटवलं तर "सीएचआरएमटी" असं कुठेच नसलेलं नाव तयार होतं. एचजी१९ या जुन्या जीनोम आवृत्तीच्या बाबतीत मामला नावापुरताही राहत नाही. यूसीएससीच्या मूळ एचजी१९मधला सीएचआरएम १६,५७१ बेसचा आहे आणि जीआरसीएच३७सोबत (त्याच आवृत्तीचं दुसरं नाव) वापरला जाणारा एमटी १६,५६९ बेसचा. त्या मुळात दोन वेगळ्या सीक्वेन्स आहेत. मायटोकॉन्ड्रियाचे व्हेरिएंट तुमच्या कामाचे असतील, तर नाव बदलून भागणार नाही. मूळ फाइल कुठली होती ते शोधावंच लागेल.

तपासणी ४: जीनोमची आवृत्ती

नावं जुळली आणि ओव्हरलॅपही आले, पण चुकीचे आले, तर इथे बघा. एचजी१९मध्ये आरएस३३४ आहे ५२,४८,२३२ वर, एचजी३८मध्ये ५२,२७,००२ वर. फरक २१,२३० बेसचा. एचजी१९चा आकडा एचजी३८च्या एक्सॉन-यादीवर टाकला तर तो एचबीबीच्या बाहेर तर पडतोच, शिवाय गामा-ग्लोबिनच्या एचबीजी१ जनुकापासून शंभर बेसच्याही आत जाऊन बसतो. मग कोणी दोन्ही बाजूंना पाचशे बेसची मोकळीक ठेवून ओव्हरलॅप काढला, तर यादीत एचबीजी१चं नाव छापलं जातं. जनुक ग्लोबिनचंच असल्यामुळे शंकासुद्धा येत नाही.

कुठल्याही बीएएम (रीडची फाइल) किंवा व्हीसीएफच्या (व्हेरिएंटची फाइल) हेडरमध्ये बहुधा गुणसूत्रांची लांबी लिहिलेली असते. ११व्या गुणसूत्राची लांबी १३,५०,०६,५१६ असेल तर एचजी१९, १३,५०,८६,६२२ असेल तर एचजी३८. फाइलच्या नावापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा.

फाइल वाचल्या वाचल्या जीनोम हे फंक्शन वापरून प्रत्येक ऑब्जेक्टवर आवृत्तीचा शिक्का मारा. शिक्का असला की दोन आवृत्त्या एकमेकांत मिसळताना आर स्वतःच एरर देऊन थांबतं. शिक्क्याची जागा एनए, म्हणजे रिकामी, असेल तर ते काहीही बोलत नाही. एका ओळीत एवढं संरक्षण मिळत असताना लोक ती ओळ का लिहीत नाहीत, हे मला खरोखर कळत नाही.

तपासणी ५: शून्यापासून की एकापासून?

रेंजची यादी असलेली बेड फाइल शून्यापासून मोजते आणि शेवटचा बेस धरत नाही. जीटीएफ आणि जीएफएफ (जनुकांच्या यादीच्या फायली), व्हीसीएफ आणि खुद्द जीरेंजेस एकापासून मोजतात आणि शेवटचा बेस धरतात. आरट्रॅकलेयर या पॅकेजचं इम्पोर्ट हे रूपांतर स्वतः करतं. रीड-टेबलने वाचून हाताने जीरेंजेस बनवला तर कोणीच करत नाही.

आता तो कागद काढा. एचबीबीच्या एक्सॉनच्या विड्थची बेरीज ६२८ आली तर सगळं ठीक. ६३१ आली तर रूपांतर झालंच नाही, प्रत्येक एक्सॉनमागे एक बेस वाढला. ६२५ आली तर ते दोनदा झालं: इम्पोर्टने एकदा केलं, मग कोणीतरी काळजीपोटी पुन्हा एक मिळवला. डेटाफ्रेममधूनच बनवायचं असेल तर मेक-जीरेंजेस-फ्रॉम-डेटाफ्रेममध्ये सुरुवात शून्यापासून असल्याचं सांगणारं आर्ग्युमेंट आहे, ते वापरा. "अधिक एक" असं हाताने लिहिलेली ओळ सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

बारा कॉलमची बेड फाइल असेल तर आणखी एक गोष्ट. इम्पोर्टनंतर प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट (जनुकापासून बनणारी आरएनए प्रत) ही इन्ट्रॉनसकट (एक्सॉनच्या मधल्या, कापून टाकल्या जाणाऱ्या भागांसकट) एकच रेंज असते. एक्सॉनची जीरेंजेस-लिस्ट हवी असेल तर तिच्यावर ब्लॉक्स चालवावं लागतं.

तपासणी ६: कॉलम कुठे आहे आणि नाव कोणाचं आहे

जीरेंजेसवर डॉलर लावला तर मेटाडेटाचा कॉलम मिळतो. जीरेंजेस-लिस्टवर डॉलर लावला तर त्या नावाचा गट शोधला जातो. "स्कोअर" नावाचं जनुक नसतं, म्हणून नल. आतला कॉलम हवा तर आधी अनलिस्ट करून मग एमकॉल्स. लिस्टवर थेट एमकॉल्स लावलं तर बाहेरच्या गटांचे कॉलम मिळतात, आणि ते बऱ्याचदा रिकामे असतात.

डुप्लिकेट रो-नेम्सची एरर येते ती अनलिस्टमुळे. ते गटाचं नाव आतल्या प्रत्येक रेंजला लावतं, म्हणजे तीन एक्सॉनना एकच नाव. यूज-नेम्स फॉल्स करा. जनुकाचं नाव सोबत ठेवायचंच असेल तर लिस्टचीच डेटाफ्रेम करा. ग्रुप-नेम या कॉलममध्ये ते येतं.

नावांवरून जुळवताना काहीच जुळत नसेल तर एन्सेम्ब्लच्या आयडीमधल्या बिंदूनंतरचा आकडा बघा. एका बाजूला तो आकडा असतो, दुसऱ्या बाजूला नसतो. मात्र तो उडवताना सावध राहा: जेनकोड या जनुक-यादीच्या काही फायलींमध्ये वाय गुणसूत्राच्या सामाईक भागातल्या जनुकांच्या आयडीला शेवटी "पार-वाय" असं शेपूट असतं. बिंदूपासून पुढचं सगळं कापलं तर एक्स आणि वायवरची दोन जनुकं एकाच नावाची होतात.

तपासणी ७: स्प्लिटने क्रम बदलला का?

न दिसणारी चूक बहुतेक वेळा इथे जन्म घेते, म्हणून या तपासणीला वेळ द्या.

एक्सॉनचा जीरेंजेस जीन-आयडीने स्प्लिट केला की गट वर्णक्रमाने लागतात. फाइलमधला क्रम राहत नाही. काउंट-मॅट्रिक्स (कुठल्या जनुकावर किती रीड पडले त्याचं टेबल) मात्र फाइलच्या क्रमातच असते. मग कोणीतरी रिड्यूस करून विड्थची बेरीज काढतं, ती जनुकाची लांबी म्हणून धरतं आणि मॅट्रिक्सला तिने भागून टीपीएम (लांबीनुसार समतोल केलेलं जनुकाच्या सक्रियतेचं माप) काढतं. दोन्हींची संख्या सारखीच असल्याने भागाकार बिनतक्रार होतो. प्रत्येक जनुकाचे काउंट दुसऱ्याच जनुकाच्या लांबीने भागले जातात. हीटमॅप बनतो, क्लस्टर बनतात, प्रबंधात आकृती जाते.

यात आणखी एक खोच आहे. वर्णक्रम मशीनच्या लोकॅल (भाषेच्या) सेटिंगवर अवलंबून असतो. सर्व्हरवर सी लोकॅल असेल तर सगळी मोठी इंग्रजी अक्षरं लहान अक्षरांच्या आधी लागतात, म्हणून सी१क्यूए हे जनुक सी१ओआरएफ११२च्या आधी येतं, कारण त्या नावातलं "ओआरएफ" लहान लिपीत असतं. लॅपटॉपवर इंग्रजी लोकॅल असेल तर हाच क्रम उलटा. म्हणून तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, आणि दोन मशीनवर दोन उत्तरं. असं झालं तर लोक पॅकेजला दोष देतात. दोष क्रमावर विसंबण्याचा असतो.

उपाय तीन आहेत. पहिला: स्प्लिट करताना नुसती आयडी देऊ नका, तिचा फॅक्टर करून लेव्हल्स युनिकने ठरवून द्या, म्हणजे फाइलमधला क्रम टिकतो. फॅक्टर आधीपासूनच असेल तर त्यात न वापरलेल्या लेव्हल्स आहेत का बघा. प्रत्येक तशा लेव्हलमागे एक रिकामा गट तयार होतो. दुसरा: कुठल्याही दोन गोष्टी एकत्र आणण्याआधी नावं आयडेंटिकल आहेत का ते स्टॉप-इफ-नॉटने तपासा. नुसती लेंग्थ जुळणं हा पुरावा नाही. तिसरा, मला सगळ्यात पटणारा: मॅट्रिक्स आणि जीरेंजेस-लिस्ट दोन्ही समराइज्ड-एक्सपेरिमेंटमध्ये ठेवा. जनुकं गाळली किंवा क्रम बदलला तरी दोन्ही बाजू बरोबरच हलतात, आणि आताच्या आवृत्त्यांमध्ये बनवतानाच नावं जुळत नसतील तर एरर येते.

तपासणी ८: ओव्हरलॅपचा आकडा गटाचा की एक्सॉनचा?

फाइंड-ओव्हरलॅप्सला सब्जेक्ट म्हणून जीरेंजेस-लिस्ट दिली तर मिळणारा सब्जेक्ट-हिट हा गटाचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन अनलिस्ट केलेल्या जीरेंजेसमध्ये गेलात तर कुठल्यातरी दुसऱ्याच जनुकाचा एक्सॉन हातात येतो. तो क्रमांक तिथेही वैध असल्याने एरर येत नाही. आरएस३३४ टाकून बघा: मिळालेला एक्सॉन ११व्या गुणसूत्रावरचा नसेल, तर हीच चूक.

एक्सॉन पातळीवर उत्तर हवं असेल तर ओव्हरलॅपच अनलिस्ट केलेल्या जीरेंजेसवर काढा, आणि गटाचा क्रमांक हवा तेव्हा सीक्व-अलाँगला एलिमेंट-एनरोज इतक्या वेळा रिपीट करून नकाशा बनवा.

याच तपासणीत प्रश्न नीट विचारला आहे का तेही बघा. एक्सॉनच्या यादीवर काढलेल्या ओव्हरलॅपमध्ये इन्ट्रॉन नसतात. भारतात बीटा-थॅलेसेमियाचं सर्वाधिक आढळणारं म्युटेशन, आयव्हीएस १-५ जी ते सी, पहिल्या इन्ट्रॉनमध्ये आहे: एचजी३८मध्ये ५२,२६,९२५ वर, पहिल्या एक्सॉनच्या कडेपासून पाचवा बेस. एक्सॉन-यादीने गाळणी केलीत तर तेच गळून जाईल आणि संगणक शून्य हे बरोबर उत्तर देईल. जनुकाची पूर्ण व्याप्ती हवी तर लिस्टवर रेंज चालवा. स्प्लाइसिंगच्या कडा हव्यात तर एक्सॉन दोन्ही बाजूंना ठरवून वाढवा. कुठलं करायचं हे डेटा सांगणार नाही, तुमचा प्रश्न सांगेल.

आणि व्हेरिएंटच्या कॉलममध्ये स्ट्रँड "अधिक" लिहिलेला असेल तर वजा स्ट्रँडवरच्या एचबीबीशी त्याचा ओव्हरलॅप होणारच नाही. व्हेरिएंटला स्ट्रँड तारांकित ठेवा, किंवा इग्नोर-स्ट्रँड ट्रू करा.

तपासणी ९: गायब झालेली जनुकं

पॅचेस आणि पर्यायी कॉन्टिग (मुख्य गुणसूत्रांशिवाय दिलेले जादा सीक्वेन्सचे तुकडे) काढून टाकताना कीप-स्टँडर्ड-क्रोमोसोम्सला प्रूनिंग-मोड द्यावा लागतो, आणि नेटवरून उचललेल्या ओळीत बहुधा "कोर्स" असतं. साध्या जीरेंजेसवर ते चालतं. लिस्टवर त्याचा अर्थ बदलतो: गटातली एक जरी रेंज काढायच्या कॉन्टिगवर असेल तर अख्खा गट जातो. यूसीएससीच्या एचजी३८ यादीत एचएलए-एसारख्या जनुकांचे एक्सॉन सहाव्या गुणसूत्रावरही असतात आणि पर्यायी हॅप्लोटाइपवरही. "कोर्स" लावलं की ही जनुकं संपूर्ण नाहीशी होतात, आणि प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्याला नेमकी तीच हवी असतात. "फाइन" वापरा म्हणजे फक्त नको त्या रेंज जातील आणि लेंग्थ टिकेल. रिकामे झालेले गटही नको असतील तर "टायडी".

टीएक्सडीबीवर (जनुकं आणि ट्रान्सक्रिप्टच्या तयार डेटाबेसवर) जीन्स हे फंक्शन चालवल्यावरही अशी गळती होते. एकापेक्षा जास्त गुणसूत्रांवर किंवा दोन्ही स्ट्रँडवर एक्सॉन असलेली जनुकं ते सोडून देतं. किती सोडली ते मेसेजमध्ये येतं, वाचत जा. एक्स आणि वाय दोन्हींवर असलेलं एसएचओएक्स हे जनुक असंच जाऊ शकतं. सिंगल-स्ट्रँड-जीन्स-ओन्ली फॉल्स केलं तर सगळी जनुकं जीरेंजेस-लिस्ट म्हणून मिळतात.

तपासणी १०: लिफ्टओव्हरनंतरचा अनलिस्ट

कोऑर्डिनेट एचजी१९वरून एचजी३८वर नेणारं लिफ्टओव्हर जीरेंजेस-लिस्ट परत करतं, आणि त्याला ठोस कारण आहे. दिलेली एखादी जागा नव्या आवृत्तीत सापडेल, सापडणार नाही, किंवा तुकड्यांत सापडेल. म्हणून प्रत्येक जागेमागे एक गट: कुठे एक रेंज, कुठे शून्य, कुठे दोन. नेटवरचं जवळपास प्रत्येक उदाहरण पुढच्याच ओळीत अनलिस्ट करतं. तिथून पुढे जुन्या टेबलशी ओळीला ओळ जोडली तर सगळं सरकतं. एक जागा हरवली आणि दुसरीचे दोन तुकडे झाले तर एकूण संख्या पुन्हा जुळते, आणि मग एररचाही आधार राहत नाही.

आधी प्रत्येक रेंजची आयडी मेटाडेटाच्या कॉलममध्ये घाला, मग लिफ्टओव्हर करा. एलिमेंट-एनरोजचं टेबल छापा. जिथे बरोबर एक रेंज आहे तेवढेच गट घ्या, उरलेल्यांची वेगळी यादी करून हाताने बघा, आणि जोडणी आयडीवरूनच करा. स्ट्रँडचाही विचार करा: दोन आवृत्त्यांच्या मध्ये काही भाग उलटे बसवले गेले आहेत, तिथे अ‍ॅलीलही (व्हेरिएंटची अक्षरंही) पूरक करून घ्यावे लागतात.

तपासणी ११: वजा स्ट्रँडवर एक्सॉनचा क्रम

ट्रान्सक्रिप्टची सीक्वेन्स काढली आणि प्रोटीन भलतंच निघालं, तेही फक्त वजा स्ट्रँडच्या जनुकांचं, तर इथे बघा. एक्सट्रॅक्ट-ट्रान्सक्रिप्ट-सीक्वेन्सेसला एक्सॉन जैविक क्रमाने हवे असतात, म्हणजे एचबीबीसाठी ५२,२६,९३०पासून सुरू होणारा एक्सॉन सगळ्यात आधी. टीएक्सडीबीवर एक्सॉन्स-बाय ट्रान्सक्रिप्टने चालवलं तर हाच क्रम मिळतो. जीन लावून चालवलं तर क्रमाची हमी नाही. जीटीएफ स्वतः स्प्लिट केली असेल तर फाइल बनवणाऱ्याने जो क्रम ठेवला तो येतो, आणि मधे कुठे सॉर्ट झालं असेल तर वजा स्ट्रँडचे सगळे ट्रान्सक्रिप्ट उलटे होतात. एक्सॉन-नंबरचा कॉलम असेल तर त्यावर लावून घ्या.

सरकवण्याच्या फंक्शनमध्येही फरक आहे: रीसाइझ, फ्लँक आणि प्रमोटर्स स्ट्रँड पाळतात, शिफ्ट पाळत नाही.

तपासणी १२: लूप संपत नाही

हजारो गटांवर एल-अप्लाय लावलं तर प्रत्येक फेरीत एक नवा जीरेंजेस बनतो आणि तपासला जातो. वेळ त्यात जातो. आधी बघा की लूप लागतो का. विड्थ, स्टार्ट, रिड्यूस, रेंज ही सगळी थेट लिस्टवर चालतात. जनुकाच्या एक्सॉनची एकूण लांबी म्हणजे रिड्यूस, त्यावर विड्थ, त्यावर बेरीज, एवढंच. बाकी कामांसाठी अनलिस्ट करा, सपाट जीरेंजेसवर हवं ते करा आणि मूळ लिस्ट साचा म्हणून देऊन रीलिस्ट करा. अट एकच: मधल्या कामात रेंजची संख्या आणि क्रम दोन्ही बदलता कामा नयेत. गाळणी करायची असेल तर रीलिस्टऐवजी आयडीवरून पुन्हा स्प्लिट करा. त्यात पूर्ण रिकामे झालेले गट टिकवायचे असतील तर फॅक्टरच्या लेव्हल्स मूळ नावांवरून द्या.

कुठे थांबायचं

फाइल कुठल्या जीनोम आवृत्तीवर आहे ते हेडरमधूनही कळत नसेल तर थांबा. अंदाज करून लिफ्टओव्हर करू नका. डेटा ज्यांनी दिला त्यांनाच विचारा.

सगळ्या बीएएम फायलींमधले रीड एकाच लिस्टमध्ये भरल्यामुळे मेमरी संपत असेल, किंवा आतल्या रेंजची एकूण संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात असेल, तर आणखी रॅम मागून भागणार नाही. कॉम्प्रेस्ड लिस्टची ती मर्यादाच आहे. एक-एक गुणसूत्र घेऊन किंवा यील्ड-साइझ (एका वेळी किती रीड वाचायचे ती मर्यादा) ठेवून काम तोडावं लागेल, आणि तशी पाइपलाइन आधी बांधलेल्या माणसाला सोबत घ्या.

रुग्णाचा रिपोर्ट तुमच्या उत्तरावर अवलंबून असेल तर पहिल्या संशयालाच थांबा. एका बेसच्या चुकीने आरएस३३४ "आढळला नाही" असं लिहिलं गेलं, तर त्याचा परिणाम एखाद्या घरातल्या लग्नाच्या किंवा गरोदरपणाच्या निर्णयावर होतो. असं काम एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या प्रमाणित पाइपलाइनवर आणि क्लिनिकल जेनेटिक्सच्या तज्ज्ञाच्या नजरेखालीच व्हायला हवं. आपली स्क्रिप्ट तिथे पुरावा म्हणून चालत नाही.

आणि सगळ्या तपासण्या झाल्या, एचबीबीवर सगळं बरोबर येतं, तरीही एकाच ठिकाणी उत्तर चुकतं, तर पॅकेजमध्येच दोष असण्याची शक्यता आहे. तो स्वतः पॅच करत बसू नका. पाच-सहा रेंजची एक छोटी जीरेंजेस-लिस्ट बनवा, जिच्यात चूक दिसते. अपेक्षित उत्तर आणि मिळालेलं उत्तर शेजारी लिहा. सेशन-इन्फोचा पूर्ण मजकूर जोडा. आणि पॅकेज सांभाळणाऱ्यांना पाठवा. रुग्णांचा किंवा अप्रकाशित डेटा त्यात घालू नका, बनावट कोऑर्डिनेट पुरतात.